पाणी, पिंप, पाय आणि ताप : मुंबईच्या पावसाळ्यात कशाआधी काय करायचं

जून लागला की मुंबईतल्या घराघरांत पाणी उकळायला लागतं, कॉइल पेटते, आल्या-तुळशीचा काढा होतो. तरी जुलै-ऑगस्टमध्ये दवाखान्याबाहेरची रांग काही कमी होत नाही. लोक काळजी घेत नाहीत असं मुळीच नाही. काळजी घेतात, पण क्रम चुकतो किंवा काम अर्ध्यावर सुटतं. उकळलेलं पाणी नळाखाली विसळलेल्या कळशीत ओततात. पिंप रिकामं करतात, पण घासत नाहीत. साचलेल्या पाण्यातून चालत घरी येतात आणि डॉक्टरांकडे जातात आठ दिवसांनी, ताप भरल्यावर. म्हणून इथे क्रमावरच भर दिला आहे. चाळ असो, इमारत असो की वस्तीतली खोली, हे सगळीकडे करता येण्यासारखं आहे.

## आधी जमवाजमव (मे संपायच्या आत)

पाऊस सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा एका संध्याकाळी एवढं घरात आणून ठेवा:

- झाकणाचं आणि तोटीचं पाण्याचं भांडं. तोटीचं नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं.
- पिंप घासायला काथ्या किंवा ताठ ब्रश. हा फक्त पिंपांसाठीच ठेवा.
- पिंपाच्या तोंडावर बांधायला घट्ट विणीचं सुती कापड आणि दोरी.
- ओआरएसची चार-पाच पाकिटं, पॅरासिटामॉलची एक पट्टी, थर्मामीटर.
- पोव्हिडोन आयोडीनचं मलम आणि पाण्याने न सुटणाऱ्या जखमेच्या पट्ट्या.
- एक छोटी वही. ती कशाला, ते तापाच्या टप्प्यात कळेल.

जवळचा महापालिकेचा दवाखाना किंवा ‘आपला दवाखाना’ कुठे आहे आणि किती वाजेपर्यंत उघडा असतो, हेही आत्ताच जाऊन पाहून या. ताप भरलेल्या माणसाला धरून पत्ता शोधत फिरणं हा फार मोठा त्रास आहे.

## टप्पा १ : प्यायचं पाणी

मुंबईत नळाला चोवीस तास पाणी नसतं, आणि खरी गोम तिथेच आहे. भांडुपहून शुद्ध होऊन निघालेलं पाणी तुमच्या नळापर्यंत येताना अशा नळवाहिन्यांतून येतं, ज्यात दिवसाचे बरेच तास दाबच नसतो. दाब नसताना फुटक्या सांध्यातून बाहेरचं गढूळ पाणी आत शिरू शकतं. म्हणून सुरुवात गॅसपाशी होत नाही, नळापाशी होते.

१. पाणी आल्याबरोबर पहिलं भांडं पिण्यासाठी भरू नका. पहिली काही मिनिटं येणारं पाणी बादलीत धरा आणि कपडे, लादी, संडास यांना वापरा. धार स्वच्छ आली की मगच प्यायचं भरा.

२. नळाला थेट मोटर लावू नका. नियमात बसत नाही हा एक भाग झाला. पण मोटर पाणी ओढते तेव्हा फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणीही ओढते, आणि ते तुमच्याबरोबर शेजाऱ्यांच्या हंड्यातही जातं. एका खोलीतल्या मोटरमुळे अख्ख्या मजल्याला जुलाब लागू शकतात.

३. चार पदरी कापडाने पाणी गाळा. गाळल्याने कचरा जातो, जंतू जात नाहीत. तुरटीचंही तेच: ती गाळ खाली बसवते, पाणी निर्जंतुक करत नाही. तुरटी फिरवलेलं पाणीसुद्धा उकळावंच लागतं.

४. उकळा. इथे दोन टोकांच्या चुका होतात. तळाशी बारीक बुडबुडे दिसले की काही जण गॅस बंद करतात. दुसरीकडे ‘वीस मिनिटं उकळायला हवं’ असं ऐकलेलं असतं, सिलिंडर परवडत नाही, आणि चार दिवसांनी उकळणंच बंद पडतं. खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट, एवढं पुरेसं आहे. एवढं रोज निभतं.

५. त्याच पातेल्यात, झाकण ठेवूनच गार होऊ द्या. घाई असेल तर पातेलं परातीतल्या थंड पाण्यात ठेवा, पण पाण्यात बर्फ टाकू नका. बाहेरचा बर्फ कुठल्या पाण्याचा केलाय ते आपल्याला माहीत नसतं.

६. साठवायचं भांडं आधी साबणाने घासा आणि शेवटची विसळणी *उकळलेल्या* पाण्याने करा. मग त्यात पाणी ओता. सर्वांत जास्त घसरगुंडी इथेच होते. आई सकाळी पाच वाजता उठून पाणी उकळते आणि ते कालचं थोडं पाणी तळाशी असलेल्या माठात ओततात. झालं, सगळी मेहनत वाया.

७. पाणी तोटीने किंवा ओगराळ्याने घ्या. पेला बुडवून घ्यायची सवय असते, तेव्हा चार बोटं पहिल्या पेरापर्यंत पाण्यात जातात. ती बोटं त्याआधी कुठे होती, हे घरातलं पोर सांगणार नाही.

८. चोवीस तासांत संपवा. उरलं तर झाडांना घाला.

गॅसच संपला असेल तर क्लोरीनच्या गोळ्या वापरा. किती पाण्याला किती गोळ्या ते वेष्टनावर लिहिलेलं असतं. गोळी विरघळल्यावर किमान अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळीचा जोर कमी पडतो, त्यामुळे आधी गाळून घ्या. घरात फिल्टर असेल तर त्याची कॅण्डल आणि आतली साठवणीची टाकी वेळच्या वेळी साफ झाली पाहिजे. दोन वर्षं न उघडलेल्या फिल्टरवर विसंबण्यापेक्षा एक मिनिटाची उकळी बरी.

> सावध: नळाला अचानक वास, पिवळसर रंग किंवा फेस आला तर त्या पाण्याचा ‘उकळून चालेल’ असा हिशेब करू नका. महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार करा आणि तोवर टँकरचं किंवा दुसऱ्या इमारतीतलं पाणी आणून उकळून प्या. शेजाऱ्यांनाही सांगा, कारण वाहिनी एकच असते.

## टप्पा २ : आठवड्याचा कोरडा दिवस

डास म्हटलं की आपण गटाराकडे बोट दाखवतो. गटारातले डास चावून हैराण करतात हे खरं, पण मुंबईत डेंग्यू पसरवणारा एडिस आणि मलेरिया पसरवणारा अॅनॉफिलिस स्टिफेन्सी हे दोघेही *स्वच्छ* साचलेल्या पाण्यात वाढतात. म्हणजे तुमच्या पिंपात, गच्चीवरच्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत. एडिस फार लांब उडतही नाही. तुम्हाला दुपारी चावलेला डास बहुधा तुमच्याच किंवा शेजारच्या इमारतीत जन्मलेला असतो.

अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून, घासून, सुकवायची, हाच ‘कोरडा दिवस’, आणि तो दर आठवड्याला. पंधरा दिवसांतून एकदा केलेल्या सफाईत एक पिढी उडून गेलेली असते.

१. वार ठरवा. रविवार सगळ्यांना सोयीचा. पूर्ण मजल्याने किंवा सोसायटीने एकच वार धरला तर उपयोग कितीतरी पटींनी वाढतो.

२. पिंपं. ‘पाणी ओतून द्यायला आमच्याकडे पाणी आहे कुठे?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. ओतून द्यायची गरजच नाही. दोन पिंपं असतील तर एकातलं पाणी कापडातून गाळत दुसऱ्या, आधी घासलेल्या पिंपात घ्या. कापडावर अळ्या दिसतील, वळवळत्या बारीक धाग्यांसारख्या. ते कापड कडक उन्हात वाळू द्या किंवा गरम पाण्यात बुडवा. नाल्यात झटकू नका, तिथेही त्या जगू शकतात.

३. घासणं. हे टाळलंत तर कोरडा दिवस पाळला असं म्हणूच नका. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटवते. ती काळी, खसखशीपेक्षाही बारीक असतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. पिंप नुसतं रिकामं करून पुन्हा भरलंत तर पाणी त्या रेषेपर्यंत चढतं आणि अंडी फुटतात. काथ्याने आतून गोल घासा, विशेषतः वरच्या तिसऱ्या भागात आणि कडेच्या वळणाखाली, जिथे हात सहसा जात नाही. मग पिंप उपडं घालून वाळू द्या.

४. झाकणं. झाकण बसत नसेल तर कापड ताणून दोरीने बांधा. कापड सैल राहिलं तर मध्ये खळगा पडतो, त्यात पावसाचं पाणी साठतं आणि झाकणावरच नवी पैदास सुरू होते. ताणलेलं कापड बोटाने दाबून पाहा, लगेच वर यायला हवं.

५. लपलेल्या जागा. फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या वर, एक छोटा ट्रे असतो. कित्येक घरांत फ्रिज आल्यापासून तो कोणी पाहिलेला नसतो. आधी फ्रिजचं बटण बंद करून प्लग काढा, मग फ्रिज पुढे ओढा, ट्रे रिकामा करा, घासा, पुसा. त्यानंतर मनी प्लांटची बाटली, ग्रिलमधल्या कुंड्यांच्या ताटल्या, एसीचं पाणी जिथे ठिबकतं ती जागा, गळतीखाली ठेवलेली बादली, छपरावरच्या ताडपत्रीच्या घड्या, टायर, करवंट्या, रंगाचे रिकामे डबे. हे सगळं एकाच फेरीत, एकाच माणसाने पाहावं. ‘तू बघ, मी बघतो’ यात ताडपत्री नेहमी राहते.

> तपासून पाहा: सफाईनंतर तीन दिवसांनी बॅटरी घेऊन पिंपात वरून उजेड पाडा. अळ्या उजेडापासून दूर, खाली पळतात, त्यामुळे लगेच दिसतात. दिसल्या तर घासण्यात कसर राहिली आहे.

धूरफवारणी झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. तान्ह्या बाळाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, कारण एडिस उजेडी चावतो. मलेरियाचा डास रात्रीचा.

## टप्पा ३ : हात आणि ताट

हातांबद्दल थोडक्यात: स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, बाळाला भरवण्याआधी, संडासानंतर आणि लोकलमधून घरी आल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवा. नखांखाली आणि अंगठ्याभोवती घासायचं विसरतं. ओले हात ओच्याला किंवा ओट्यावरच्या फडक्याला पुसू नका. ते फडकं दिवसभर ओलं असतं.

ताटाबद्दल एक गोष्ट जरा नीट सांगायला हवी, ती म्हणजे शिळा भात. रात्री उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणी द्यायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. भातात एक प्रकारचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवल्यावरही जगतात. दमट हवेत रात्रभर ते वाढतात आणि असं विष तयार करतात जे पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात उरणार असं दिसलं की जेवणं झाल्याबरोबर, दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर मोजकाच लावा. फोडणीचा भात करायला माझी मुळीच हरकत नाही, तो फ्रिजमधल्या भाताचा करा.

बाहेर खाताना गरम, डोळ्यांसमोर तळलेलं किंवा उकळलेलं घ्या. वडा, भजी, उकळता चहा यांत धोका कमी. बाधतं ते त्यांच्याबरोबरचं: पातळ चटणी, कापून ठेवलेली फळं, बर्फ घातलेला उसाचा रस, पाणीपुरीचं पाणी. पावसाळ्याचे चार महिने एवढं सोडलं तरी कावीळ, विषमज्वर आणि जुलाब या तिन्हींचा धोका बराच खाली येतो. विषमज्वराची लस मिळते, तीबद्दल डॉक्टरांना विचारा.

## टप्पा ४ : साचलेल्या पाण्यातून आल्यावर

हिंदमाता, सायन, कुर्ला, मिलन सबवे… कुठे अडकलात तरी पहिला पर्याय थांबण्याचा. नाइलाजाने चालावंच लागलं तर हा टप्पा तंतोतंत पाळा. या पाण्यात उंदीर, कुत्रे, गुरं यांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू अंगावरच्या ओरखड्यातून, भेगांतून, डोळ्यांतून शरीरात जातात.

निघण्यापूर्वी: पायावर जखम, फोड किंवा टाचेला भेग असेल तर पाण्याने न सुटणारी पट्टी लावा. गमबूट असतील तर उत्तम, पण पाणी बुटाच्या वर गेलं की ते आत साठतं आणि पाय त्यातच भिजत राहतो. तेव्हा बूट होता म्हणून स्वतःला सुरक्षित समजू नका.

घरी आल्यावर, याच क्रमाने:

१. चपला-बूट दाराबाहेर. फोन पुसायचा नंतर, डोळे चोळायचे तर नाहीतच.

२. आधी हात धुवा. मग वाहत्या पाण्याखाली साबणाने पाय गुडघ्यापर्यंत. टबात पाय बुडवून बसू नका.

३. उजेडात पाय पाहा. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कोणाला पाहायला सांगा. मधुमेह असणाऱ्यांना अनेकदा जखम झाल्याचं कळतही नाही, त्यांनी हे चुकवू नये.

४. जखम असेल तर पोव्हिडोन आयोडीन लावा.

५. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. ओल राहिली की चिखल्या होतात, आणि चिखल्या म्हणजे पुढच्या वेळी जंतूंना उघडं दार. चिखल्यांवर, गजकर्णावर दुकानदाराने दिलेलं कसलंही मलम चोळू नका. त्यातल्या अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस खाज थांबते आणि मग तेच दुप्पट पसरतं.

६. वहीत तारीख लिहा आणि *बहात्तर तासांच्या आत* डॉक्टरांना भेटा. लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. पाण्यातून एकदा चाललात की अनेकदा, जखम होती की नव्हती, यावर एकच डोस की जास्त ते ठरतं. त्यामुळे दोन्ही गोष्टी सांगा. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना हे औषध देत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं असतं. म्हणून स्वतःच्या गोळ्या मुलाला देऊ नका.

गोळी काही खाऊन झाल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेला जळजळ होते. दुधाबरोबर किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेऊ नका.

> सावध: ताप दोन दिवसांनीही येऊ शकतो आणि महिन्याभरानेही, बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत येतो. तोवर ती संध्याकाळ विसरलेली असते. ताप, पोटऱ्या कमालीच्या दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं, यांपैकी काही झालं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘अमुक तारखेला पाण्यातून चाललो होतो.’

## टप्पा ५ : जुलाब-उलट्या लागल्या तर

१. हात धुवा. एक लिटरची बाटली मोजमापासाठी घ्या, उकळून गार केलेलं पाणी एक लिटर भरा.

२. ओआरएसचं *पूर्ण* पाकीट त्यात टाका. अर्धं पाकीट पेल्यात, उरलेलं संध्याकाळी, असं केलं की मिठाचं प्रमाण बिघडतं, आणि लहान मुलाला ते घातक ठरू शकतं. काही छोटी पाकिटं पेलाभर पाण्यासाठीच असतात, म्हणून आधी वाचा.

३. वरून साखर, मीठ, लिंबू, दूध काही घालू नका. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या.

४. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने. मोठ्या मुलांना अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश सुरू करा. ‘पोटात काही टिकत नाही’ म्हणून बंद करू नका.

५. जेवण तोडू नका. मऊ भात, वरण, केळं चालतं. अंगावरचं दूध सुरूच ठेवायचं. मुलांना झिंक देतात ते १४ दिवसांचं असतं, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शीग भरून घेऊ नका. फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेयं ओआरएसच्या जागी देऊ नका, जास्त साखरेने जुलाब वाढतात. शौचात रक्त, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, तर घरी थांबायचं नाही. १०८ला फोन करा किंवा रिक्षा करा, जे आधी मिळेल ते.

## टप्पा ६ : ताप

ती वही आता काढा. पहिला ताप कधी आला, तारीख आणि वेळ. पुढचं सगळं यावरून ठरतं.

१. ताप आणि अंगदुखीसाठी फक्त पॅरासिटामॉल, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर ठेवून. ‘अंगदुखीची गोळी द्या’ म्हटलं की दुकानात बरेचदा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अॅसिक्लोफिनॅक मिसळलेली गोळी मिळते. डेंग्यू असेल तर तिने रक्तस्राव होऊ शकतो. पट्टीची मागची बाजू वाचा. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी ते परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावं.

२. मलेरियाची रक्ततपासणी पहिल्याच दिवशी करा. महापालिकेच्या दवाखान्यात ती मोफत होते. निकाल ‘नाही’ आला आणि ताप येत राहिला तर पुन्हा करा, एका तपासणीत परजीवी सुटू शकतो.

३. डेंग्यूची एनएस-१ चाचणी रक्तात विषाणूचाच अंश शोधते, ती पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची. त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची चाचणी. आठव्या दिवशी एनएस-१ करून ‘डेंग्यू नाही’ म्हणणं चूक आहे. म्हणूनच तारीख लिहायची.

४. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला डास काही दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला आजार देऊ शकतो.

५. *ताप उतरला की जास्त लक्ष द्या.* डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमकं तेव्हाच लोक कामावर जातात. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, ग्लानी, यांपैकी एकही दिसलं तर त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा. पपईच्या पानांचा रस काढत बसण्यात हे तास जाऊ देऊ नका.

६. मलेरिया व्हायवॅक्स या प्रकारचा निघाला तर तीन दिवसांच्या गोळ्यांबरोबर प्रायमाक्विन १४ दिवस देतात. ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जातो आणि पट्टी कपाटावर पडून राहते. पण परजीवी यकृतात दडून बसलेले असतात, ते संपवायचं काम याच चौदा दिवसांत होतं. अर्ध्यावर सोडलं तर काही आठवड्यांनी, महिन्यांनी, डास न चावताही तोच मलेरिया उलटतो. सुरू करण्याआधी डॉक्टर जी-सिक्स-पीडी तपासणी सांगू शकतात (या औषधाने लाल रक्तपेशी फुटण्याचा धोका आहे का, हे पाहणारी रक्ततपासणी), ती टाळू नका. गरोदरपणात हे औषध देत नाहीत. रोज जेवणानंतर गोळी घ्या आणि वहीत खूण करा. गोळ्या घेताना लघवी काळसर झाली तर औषध थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि पुढच्या वर्षभरात पुन्हा ताप आला, तर ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवा.